दात, दांडा आणि काटा : जुन्या शाफ्टच्या गाड्यांचे गणित

संघटनेच्या यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा आम्ही धान्यबाजाराविषयी लिहू अशीच त्यांची अपेक्षा असणार. गव्हाची आवक, तुरीचे भाव, बाजार समितीचे नियम, बारदानाची वजावट, हे आमचे नित्याचे विषय. आणि त्यांवर दरवर्षी कोणी ना कोणी अधिकारवाणीने लिहीतच असते. आम्ही मात्र या खेपेस एका यंत्राविषयी लिहिण्याचे ठरविले आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. यंत्रशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. परंतु माप आणि तोल यांतच ज्याचे आयुष्य गेले, त्याला ज्या यंत्रात मापही आहे आणि तोलही आहे अशा यंत्राविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार असावा, असे आम्हांस वाटते. शिवाय या यंत्राच्या एका आकड्यावर विसंबून आमच्या हातून एका प्रामाणिक माणसावर अन्याय घडला. ती हकीकत आजवर दुकानाच्या उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. ती व्यापारी बंधूंपुढे ठेवावी, हाही या लेखाचा एक हेतू आहे.

आमचे गाव रामाकोना. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या सडकेवर सौंसर मागे टाकले की आमचे गाव येते, आणि पुढे सिल्लेवानीचा घाट लागतो. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर तहसील त्यात गेली. तोवर आम्ही छिंदवाडा जिल्ह्यातले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, तरी आमची बोली मराठीच राहिली आणि बाजाराची ओढ नागपूरकडेच राहिली. त्यामुळे दुकानाला लागणारी प्रत्येक चीज, मग तो पितळी तराजू असो की स्कूटर, नागपूरहून यावयाची.

दुकानाची लँब्रेटा

वडिलांनी १९६८ साली नागपूरहून एक जुनी लँब्रेटा घेतली. ती एल.डी. या नमुन्याची होती. लँब्रेटा ही मूळ इटलीतील इनोचेंती या कारखान्याची निर्मिती. तिचा पहिला नमुना १९४७ साली निघाला. आपल्या देशात मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने १९५० नंतरच्या दशकात लँब्रेटाची जुळणी सुरू केली. १९५८ साली इटलीत एल.आय. हा नवा नमुना निघाला. त्यात बंद पेटीत तेलात फिरणारी साखळी आणि चार गिअर आले. पुढे आपल्या रस्त्यांवर जी लँब्रेटा सर्वांच्या ओळखीची झाली ती या घराण्यातली. त्यापूर्वीच्या एल.डी.ला साखळीच नव्हती. तिचे गिअर तीन, आणि इंजिनाची शक्ती मागच्या चाकापर्यंत पोहोचविण्यासाठी एक पोलादी दांडा, म्हणजे शाफ्ट.

वडिलांनी ती घेतली त्याचे कारणही हेच होते. आमच्या बाजूची माती काळी. उन्हाळ्यात तिची धूळ आणि पावसाळ्यात तिचा चिखल उघड्या साखळीचा काळ ठरतो. साखळी ढिली पडते, ती आवळावी लागते, तेल पाजावे लागते, आणि तेल पाजले की त्यावर धूळ अधिक चिकटते. शाफ्टचे सर्व काम बंद नळीत आणि वंगणात चालते. खेडोपाडी माल पाहण्यास जाणाऱ्या मुनीमजींच्या धोतरालाही साखळीची भीती नाही. वडील म्हणत, “या गाडीत सरकणारे, ढिले पडणारे असे काही नाही, म्हणून हिच्यात फसवणूक नाही.” हे वाक्य आमच्या मनावर लहानपणापासून कोरले गेले होते. पुढे जे घडले त्याचे बीज याच वाक्यात होते.

गाडी घेतली तेव्हा तिच्यावर मैलांचा मीटर होता. देशात १९५६ सालच्या वजनमाप कायद्याने दशमान पद्धती आली; १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू होत गेली आणि १९६२ पासून शेर-मणाची वजने व्यापारातून कायद्याने हद्दपार झाली. सडकेवरचे दगडही हळूहळू मैलांचे किलोमीटर झाले. वडिलांना सर्व हिशेब एकाच पद्धतीत हवा असे. म्हणून १९७० नंतर केव्हा तरी त्यांनी मैलांचा मीटर काढून किलोमीटरचा बसवून घेतला. बसविणाऱ्या कारागिराने हाताशी असलेला मीटर बसविला. तो दिसावयास चांगला होता, चौकटीत नीट बसला, आणि गाडी चालू लागताच त्याचा काटा हलला. एवढ्यावर सर्वांचे समाधान झाले.

दातांचे गणित

आता मूळ विषयाकडे वळू. गाडीचे इंजिन फार वेगाने फिरते आणि चाक त्या मानाने सावकाश. मधली तडजोड गिअर करतात. लहान दातेरी चाकाने मोठे दातेरी चाक फिरविले की वेग कमी होतो आणि जोर वाढतो. किती कमी, किती वाढ, हे केवळ दातांच्या संख्येवर ठरते. येथे अंदाज नाही, घासाघीस नाही. दहा दातांच्या चाकाने बत्तीस दातांचे चाक फिरविले, तर पहिल्याच्या ३.२० फेऱ्यांत दुसऱ्याची एक फेरी होणार, आज आणि शंभर वर्षांनीही.

साखळीविषयी एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. साखळी झिजली आणि लांबली की गाडीचे माप बिघडते, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः साखळी लांबली तरी दातांची संख्या तीच राहते, म्हणून प्रमाणही तेच राहते. आवाज वाढतो, धक्के बसतात, परंतु एका फेरीची सव्वा फेरी होत नाही. प्रमाण बदलते ते दात बदलल्यावर. बुलेट गाडीच्या गिअरबॉक्सवरील १६ दातांचे चक्र काढून १७ दातांचे बसविले, तर त्याच इंजिनवेगाला गाडी सुमारे सहा टक्के अधिक पळते. चढावर मात्र तितकाच जोर उणा पडतो. साखळीच्या गाडीत हा बदल अल्प खर्चात होतो, आणि हौशी मंडळी तो करीतही असतात.

शाफ्टच्या गाडीत तसे नाही. तेथे दांडा चाकाला ज्या तिरप्या दातांच्या जोडीने फिरवितो, तिला आपले मिस्त्री क्राऊन-पिनियन म्हणतात. ही जोडी कारखान्यातून एकमेकींशी जुळवूनच येते आणि ती बदलणे हे सोपे काम नव्हे. शिवाय शक्तीला काटकोनात वळावे लागते आणि प्रत्येक वळणावर तिचा थोडा भाग घर्षणात जातो. आमच्या एल.डी.त हे वळण दोन ठिकाणी होते, एक इंजिनापाशी आणि एक चाकापाशी. ज्या गाडीचे इंजिन लांबीच्या दिशेने बसविलेले असते, तिला एकच वळण पुरते.

असे इंजिन बसविणारी सर्वांत नामांकित गाडी म्हणजे जर्मनीची बी.एम.डब्ल्यू. शाफ्टची कल्पना तिच्याहून जुनी आहे, बेल्जियमच्या एफ.एन. कारखान्याने १९०५ सालीच चार सिलिंडरांची शाफ्टवर चालणारी मोटारसायकल काढली होती. परंतु १९२३ साली बी.एम.डब्ल्यू.ने मॅक्स फ्रिट्झ यांच्या आराखड्यावरून आर-३२ ही गाडी काढली आणि तेव्हापासून त्या घराण्याने शाफ्ट सोडला नाही. १९६९ साली निघालेल्या तिच्या गाड्यांपैकी आर-६०/५ आणि आर-७५/५ या दोन आम्हांस पुढे पुण्यात एका हौशी गृहस्थांकडे पाहावयास मिळाल्या. आमच्या भाच्याची त्यांच्याशी ओळख होती. त्यांनी आम्हांस एक कागद आणि पेन्सिल देऊन जे गणित शिकविले, ते येथे देतो. कारण ते कोणाही दुकानदाराला तोंडी करता येण्याजोगे आहे.

आर-७५/५ च्या क्राऊन-पिनियनचे दात ३२ आणि १०, प्रमाण ३.२०. आर-६०/५ चे दात ३७ आणि ११, प्रमाण ३.३६. दोहोंच्या गिअरबॉक्सचा चौथा, म्हणजे सर्वांत वरचा गिअर १.५० चा. गुणाकार केला असता मोठ्या गाडीत इंजिनाच्या ४.८० फेऱ्यांस चाकाची एक फेरी होते आणि लहान गाडीत ५.०४ फेऱ्यांस. मागच्या चाकाचा घेर सुमारे २ मीटर धरा. इंजिन मिनिटास ४,००० फेऱ्या करीत असेल, तर मोठी गाडी ताशी १०० किलोमीटर जाते आणि लहान गाडी ताशी ९५. लहान इंजिनाला ताकद कमी, म्हणून त्याला थोडे सावकाश परंतु अधिक जोराने चालविले आहे. पुढे आलेल्या आर-१०० आर.एस. या मोठ्या गाडीची जोडी ३२ आणि ११ दातांची, म्हणजे २.९१ ची. ती जोडी आर-७५/५ ला बसविली, तर त्याच ४,००० फेऱ्यांत गाडी ताशी ११० किलोमीटर जाईल. सपाट सडकेवर इंजिनाला आराम. आमच्या सिल्लेवानीच्या घाटात मात्र वरचेवर खालचा गिअर घालावा लागेल.

येथवर सर्व खरे आहे. दात खोटे बोलत नाहीत. अडचण सुरू होते ती काट्यापासून.

मोजणे निराळे, तोलणे निराळे

गाडीवरच्या मीटरमध्ये एकाच डबीत दोन यंत्रे राहतात, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. एक अंतर सांगणारे, आकड्यांच्या चाकांचे. दुसरे वेग सांगणारे, काट्याचे. दोघांना फिरविणारी तार एकच असते. पण दोघांची रीत अगदी भिन्न आहे.

अंतराचे यंत्र मोजते. तारेच्या अमुक फेऱ्या झाल्या की आकड्याचे चाक एक घर पुढे सरकते. ही पायलीने धान्य मोजण्याची रीत झाली. पायली लहान असेल तर माप खोटे येईल, पण मोजणी चुकणार नाही.

वेगाचे यंत्र तोलते. तारेच्या टोकाशी एक लोहचुंबक फिरतो. त्याच्यावर अ‍ॅल्युमिनियमची एक वाटी असते. ती त्याला शिवत नाही. चुंबक फिरू लागला की वाटीत विद्युत्प्रवाहाचे भोवरे उठतात आणि चुंबक वाटीला आपल्यासवे ओढू पाहतो. एक बारीक केसासारखी स्प्रिंग तिला मागे धरून ठेवते. या ओढाताणीत वाटी जेथे थांबते, तेथे काटा थांबतो. १९०२ साली जर्मनीत ऑटो शुल्झे यांनी या रचनेचे पेटंट घेतले आणि पुढे शतकभर बहुतेक गाड्यांवर हीच रचना राहिली. व्यापारी बंधूंच्या लक्षात आलेच असेल की हा ताणकाटा आहे. ताणकाट्याची स्प्रिंग थकते, तसा चुंबकही वर्षांनुवर्षांच्या उन्हाने आणि धक्क्यांनी क्षीण होतो. म्हणून एकाच डबीतली ही दोन भावंडे एकमेकांशी जुळतीलच, असे नाही.

दुसरा प्रश्न असा की तार फिरवितो कोण. आमच्या एल.डी.त, बजाजच्या चेतकमध्ये आणि बुलेटमध्ये ती पुढच्या चाकाच्या तुंब्यातून फिरते. म्हणजे इंजिन, गिअर, साखळी, शाफ्ट यांचा तिच्याशी काही एक संबंध नाही. बुलेटवाल्याने मागील चक्रे कितीही बदलली तरी मीटर जसाच्या तसा राहतो. याउलट बी.एम.डब्ल्यू.च्या त्या जुन्या गाड्यांत तार गिअरबॉक्समधून निघते, म्हणजे क्राऊन-पिनियनच्या अलीकडून. तेथे तार प्रत्यक्षात चाक मोजीत नाही. दांडा मोजते आणि पलीकडे दात किती आहेत ते गृहीत धरते. म्हणून त्या कारखान्याने प्रत्येक मीटरच्या तबकडीवर डब्ल्यू या अक्षरापुढे एक आकडा छापलेला असतो. एक मीटर अंतरास तारेच्या किती फेऱ्या, हे तो आकडा सांगतो. ३.२० च्या जोडीस ०.७३७ आणि ३.३६ च्या जोडीस ०.७७३ असा हिशेब आहे.

आता कोणी आर-७५/५ चा मीटर आर-६०/५ वर बसविला, तर तो सुमारे पाच टक्के अधिक दाखवील. हे अधिक दाखविणे निदान जिवावर बेतणारे नव्हे. पण कोणी त्याच आर-७५/५ ला २.९१ ची जोडी बसवून मीटर जुनाच ठेवला, तर खरा वेग ताशी १०० असता काटा ९१ दाखवील. चालविणारा सावध आहे असे स्वतःस समजतो आणि असतो मात्र बेसावध. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली युरोपात जे वाहननियम झाले, त्यांत वेगमापकाने खऱ्यापेक्षा अधिक दाखविण्यास ठरावीक सूट आहे, पण कमी दाखविण्यास मुळीच नाही. तराजूच्या बाबतीत घेताना जास्त आणि देताना कमी हे दोन्ही पापच. काट्याच्या बाबतीत मात्र कायद्याने एकाच बाजूचा पासंग चालवून घेतला आहे, आणि त्यामागे माणसाच्या जिवाची काळजी आहे.

तिसरी गोष्ट टायरची. टायर झिजला की चाकाचा घेर कमी होतो, तेवढ्याच अंतरास फेऱ्या जास्त होतात आणि मीटर जास्त दाखवितो. आमच्या एल.डी.चे चाक आठ इंची; टायरसह त्याचा व्यास सुमारे ४१५ मिलिमीटर. रबराची सहा मिलिमीटर झीज झाली, तर व्यास बारा मिलिमीटरने घटतो, म्हणजे सुमारे तीन टक्के फरक. बी.एम.डब्ल्यू.च्या अठरा इंची चाकाचा व्यास सुमारे ६६० मिलिमीटर; तेवढ्याच झिजेने तेथे दोन टक्क्यांहून कमी फरक पडतो. लहान चाकाच्या गाडीचा मीटर टायरला अधिक भितो, तो असा.

आमची चूक

हे सर्व ज्ञान आम्हांस नंतर झाले. १९८४ साली, जेव्हा वडिलांनी दुकानाचा रोजचा कारभार आमच्यावर सोपविला होता, तेव्हा यातले आम्हांस काहीच ठाऊक नव्हते. वय पंचविशीचे, आणि नव्या मालकाची कडक नजर.

आमचे मुनीमजी वडिलांच्या हाताखाली बावीस वर्षे होते. आठवड्यातून दोनदा ते सौंसर-मोहगावच्या बाजूच्या ठरलेल्या खेड्यांचा फेरा करीत. माल पाहावयाचा, नमुना घ्यावयाचा, सौदा ठरवावयाचा. पेट्रोलचे पैसे मीटरच्या आकड्यावर मिळत. एके दिवशी आम्ही सहज त्या फेऱ्यातील दगडांचे आकडे मिळवून पाहिले. बेरीज ६० किलोमीटर आली. वहीत मात्र प्रत्येक फेऱ्याचे ६९ लिहिलेले. नऊ किलोमीटर म्हणजे पाव लिटर पेट्रोल. फेऱ्यामागे पाव लिटर, आठवड्यास अर्धा लिटर, आणि असे किती वर्षे?

आम्ही अविचाराने बोललो असे कोणी म्हणू नये म्हणून सांगतो, आम्ही मीटर तपासला होता. हातातले घड्याळ पाहून काटा ४० वर स्थिर ठेवला आणि एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत गाडी नेली. ताशी ४० म्हणजे किलोमीटरला ९० सेकंद. बरोबर ९० सेकंद लागले. मीटरवर दशांशाचा आकडा नव्हता, म्हणून एका किलोमीटरात अंतराचा फरक दिसण्याचा संभव नव्हता. काटा खरा, म्हणून मीटर खरा. गाडी शाफ्टची, म्हणून सरकण्याचा प्रश्न नाही. मग खोटा राहिला तो माणूस. असा आमचा न्याय.

दुसऱ्या दिवशी हमाल आणि मापाडी समोर असताना आम्ही मुनीमजींना विचारले, “हे नऊ किलोमीटर कोणाच्या घरचे?”

ते क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “छोटे शेठ, मीटरने जो आकडा दाखविला तोच मी लिहिला. मीटर मी बनविला नाही.”

“मीटर आम्ही घड्याळाने तपासला आहे,” आम्ही म्हणालो.

त्यांनी गल्ल्याच्या किल्ल्या काढून गादीवर ठेवल्या, वडिलांच्या रिकाम्या तक्क्याला नमस्कार केला आणि ते पायऱ्या उतरून गेले. वडील त्या वेळी आजारी, आतल्या खोलीत होते. सायंकाळी त्यांना हे कळले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “बावीस वर्षांत त्यांच्या हिशेबात मला एक आणा चुकलेला सापडला नाही.” आम्ही उत्तर दिले नाही. वहीत त्या तारखेखाली “पेट्रोलात फरक, मुनीम कमी केले” अशी नोंद आम्ही आमच्या हाताने केली होती.

फेऱ्यावर आता आमचा चुलत भाऊ जाऊ लागला. पहिल्याच दिवशी त्याने वहीत लिहिले, ६९. आम्हांस वाटले, चुकला असेल. दुसऱ्या खेपेसही ६९. तिसऱ्या खेपेस आम्ही स्वतः गेलो. कोठे वळलो नाही, कोठे थांबलो नाही. घरी येऊन मीटर पाहिला. ६९. त्या वेळी आमच्या मनाची काय अवस्था झाली असेल, ते आम्ही लिहून सांगू शकत नाही. गाडी अंगणात उभी करून आम्ही बराच वेळ तिच्यापाशीच उभे होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्य सडकेवर लागोपाठ दहा दगडांमधून गाडी नेली. दहा किलोमीटरांस मीटर साडेअकराच्या घरात गेला. तशीच गाडी सौंसरला एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली. त्यांनी मीटर उतरवून हातात फिरविला आणि म्हणाले, “हा या गाडीचाच नव्हे. ज्या गाडीचा आहे, तिची तार किलोमीटरला कमी फेरे घेत असणार. तुमच्या चाकाचे फेरे त्याला जास्त पडतात, म्हणून तो पुढे पळतो.”

“मग काटा बरोबर कसा?” आम्ही विचारले.

त्यांनी डबी उघडून आतला चुंबक दाखविला. “हा म्हातारा झाला आहे. तार शेकडा पंधरा जास्त फिरते आणि चुंबक शेकडा तेरा कमी ओढतो. जमा-खर्च सारखा झाला. काटा खरा दिसतो, पण खरा नाही.”

दोन खोटी मिळून एक खरे दिसले, आणि त्या दिसण्याच्या बळावर आम्ही एका माणसाची इभ्रत घेतली. वजनमाप निरीक्षकाकडून मापांवर नियमाने शिक्का घेणाऱ्या दुकानात, जेथे उणेअधिक माप ठेवणे हा अचौर्यव्रताचा भंग मानला जातो, तेथे दहा-बारा वर्षे एक विनाशिक्क्याचे माप गाडीच्या दांडीवर बसले होते, आणि आम्ही त्याच मापाने माणूस तोलला.

मीटर तपासण्याची रीत

पुढील हकीकत सांगण्यापूर्वी उपयोगाच्या दोन गोष्टी सांगतो, म्हणजे आमच्यासारखी पाळी दुसऱ्यावर येऊ नये.

अंतराचा मीटर घड्याळाने तपासू नये, अंतरानेच तपासावा. लागोपाठ दहा दगड पार करावेत आणि आकड्यात किती फरक पडला ते पाहावे. एका दगडाने काही कळत नाही. वेगाचा काटा घड्याळाने तपासावा. काटा एका ठिकाणी स्थिर ठेवून एका किलोमीटरास किती सेकंद लागतात ते मोजावे आणि ३,६०० ला त्या सेकंदांनी भागावे. १२० सेकंद म्हणजे ताशी ३०, ९० म्हणजे ४०, ७२ म्हणजे ५०, ६० म्हणजे ६०. दोन-तीन निरनिराळ्या वेगांवर पाहावे, आणि घड्याळ पाहण्याचे काम मागे बसलेल्या सोबत्याकडे द्यावे. हल्ली खिशातला मोबाईलही उपग्रहांवरून वेग सांगतो. सरळ, मोकळ्या सडकेवर आणि एकसारख्या चालीत त्याचाही पडताळा घ्यावा. पण दोन्ही तपासण्या निरनिराळ्या कराव्यात. एकीवरून दुसरीचा निकाल काढू नये.

जुनी शाफ्टची गाडी घेणाऱ्याने आणखी एक पाहावे. मागचे चाक उचलून टायरवर खडूने खूण करावी, इंजिन बंद ठेवून वरच्या गिअरमध्ये चाक हाताने फिरवावे आणि चाकाच्या फेऱ्यांशी इंजिनाच्या फेऱ्या ताडून पाहाव्यात. दातांचे खरे प्रमाण हाती येते. मग तार कोठून निघते ते पाहावे. ती पुढच्या चाकातून निघत असेल, तर क्राऊन-पिनियन कोणते आहे याची मीटरला फिकीर नाही. चाक, टायर आणि मीटर एकमेकांचे आहेत एवढे पुरे. ती गिअरबॉक्समधून निघत असेल, तर तबकडीवरचा आकडा आणि दातांचे प्रमाण जुळलेच पाहिजे. शाफ्ट आहे म्हणून मीटर खरा, हा समज सर्वस्वी सोडून द्यावा. आमच्या गाडीत तर शाफ्टचा आणि मीटरचा कधी परिचयही झाला नव्हता.

वहीतील नोंद

मिस्त्रींकडून आम्ही थेट मुनीमजींच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसले होते. आम्ही पाय धरले आणि सर्व सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, “वहीत काय लिहिले आहे?”

आम्ही सांगितले.

“क्षमा तुम्ही येथे मागितलीत, ती पोहोचली. पण बोलणे चारचौघांत झाले, आणि लिहिणे वहीत झाले. वही मी नसतानाही वाचली जाईल.”

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर आम्ही त्याच हमालांना आणि त्याच मापाड्याला बोलाविले. आजारी वडिलांना धरून गादीवर आणून बसविले. जुनी नोंद खोडली नाही. वही खोडू नये, हा आमचा नियम. तिच्याखाली लिहिले : “वरील फरक मीटरचा होता, माणसाचा नव्हे. चूक मालकाची.” आणि ते मोठ्याने वाचून दाखविले. वडिलांनी खाली सही केली. मुनीमजींनी किल्ल्या उचलल्या, डोळ्यांवर चष्मा चढविला आणि त्या दिवसाची आवक लिहावयास बसले. त्यानंतर आठ वर्षे ते दुकानात होते. या विषयावर ते पुन्हा कधीही बोलले नाहीत.

त्या वर्षापासून दिवाळी पाडव्याला नव्या वहीची पूजा होण्यापूर्वी दुकानातील तराजू, वजने आणि गाडीचा मीटर, तिन्ही तपासण्याचा परिपाठ आहे. एल.डी. आता चालत नाही. अंगणातल्या पडवीत उभी आहे. तिचा शाफ्ट आजही निर्दोष आहे, असे मिस्त्री सांगतात. दुकानाच्या मालगाडीचा नवा मीटर विजेच्या आकड्यांचा आहे. तोही आम्ही दहा दगडांवरून नेऊन पाहतो. मुलगा हसतो आणि म्हणतो, “बाबा, आता असले मीटर चुकत नाहीत.” आम्ही त्याला ती वही काढून दाखवितो.

असो. व्यापारी बंधूंनी आपापल्या दुकानी कोणते माप विनाशिक्क्याचे राहिले आहे, ते एकदा पाहून घ्यावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.